पूल पुन्हा ८५ टक्क्यांवर: फाइल्स पुसूनही थिन स्टोरेजमधली जागा का सुटत नाही

लक्षण ओळखीचं आहे. अ‍ॅरे म्हणजे अनेक डिस्कचं सामाईक स्टोरेज यंत्र, आणि पूल म्हणजे त्यातली सगळ्या सर्व्हरना वाटून दिलेली जागा. अ‍ॅरेवरून मेल येतो की पूल ८५ टक्के भरला. सर्व्हर सांभाळणारी मंडळी जुने बॅकअप, लॉग, कुणाच्या तरी फोल्डरमध्ये पडलेल्या आयएसओ फाइल्स पुसून टाकतात. विंडोजच्या ई ड्राइव्हवर दीड टेराबाइट मोकळं दिसायला लागतं. अ‍ॅरेच्या पडद्यावर मात्र ८५ चे ८५च. मग घाईघाईत स्नॅपशॉट (डेटाच्या त्या-त्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या प्रती) उडवले जातात, आकडा ७९ वर येतो, तिकीट बंद होतं. काही आठवड्यांनी तोच मेल परत येतो.

वडोदरा परिसरात, मकरपुरा, वाघोडिया किंवा नंदेसरीच्या कारखान्यांत, दोन-तीन माणसांचा आयटी विभाग सर्व्हर, नेटवर्क आणि स्टोरेज असं सगळंच बघतो. तिथे हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहू शकतं, कारण दर वेळी आग विझते पण धूर कुठून येतोय ते कुणी बघत नाही. टक्केवारीवर नजर ठेवून ही अडचण सुटत नाही. बघायच्या गोष्टी दोन: होस्ट (स्टोरेज वापरणारा सर्व्हर) सांगतो ती वापरलेली जागा आणि पूल सांगतो ती वापरलेली जागा यांतला फरक, आणि पूल रोज किती जीबीने वाढतो तो वेग.

आधी फरक मोजा

थिन म्हणजे पंगतीला अडीचशे जणांना आमंत्रण आणि स्वयंपाक शंभरांचा. सगळे एकदम येणार नाहीत या हिशेबावर ते चालतं, आणि बहुतेक वेळा चालतंही. एलयूएन (अ‍ॅरेने सर्व्हरला दिलेली आभासी डिस्क) १० टीबीचा दाखवला तरी होस्टने जितक्या ब्लॉकवर लिहिलं तितकीच जागा पूलमधून जाते. मात्र लिहिलेला ब्लॉक आता नको आहे, हे अ‍ॅरेला आपणहून कळत नाही. फाइल पुसली की फाइल सिस्टिम फक्त आपल्या वहीत नोंद बदलते. खाली एससीएसआय अनमॅप ('हे ब्लॉक आता मोकळे' असं सांगणारी) कमांड पोहोचली नाही, तर अ‍ॅरेच्या दृष्टीने तो डेटा जिवंतच असतो.

उदाहरणासाठी एक पूल घेऊ: भौतिक क्षमता ६० टीआयबी (१०२४ च्या पटीत मोजलेला टेराबाइट), होस्टना दाखवलेली एकूण १४० टीआयबी, वापरलेली ५१ टीआयबी. म्हणजे ८५ टक्के. आता प्रत्येक सर्व्हरवर फाइल सिस्टिममध्ये खरोखर किती जागा भरली आहे त्याची बेरीज करा. समजा ३८ टीआयबी आली. फरक १३ टीआयबी. हा १३ चा आकडा स्नॅपशॉट, डेड स्पेस (होस्टने पुसलेली, पण अ‍ॅरेने न सोडलेली जागा) आणि कुणालाही न जोडलेले, म्हणजे अनाथ, एलयूएन या तिघांत वाटलेला असतो. अ‍ॅरेवर स्नॅपशॉटचा वापर वेगळा दिसतो, अनाथ एलयूएनही यादीत सापडतात. उरलं ते डेड स्पेस.

डीडुप (सारखे ब्लॉक एकदाच साठवणं) किंवा कॉम्प्रेशन चालू असेल तर ही वजाबाकी भौतिक आकड्यावर करू नका. होस्टने लिहिलेला, कपात होण्याआधीचा लॉजिकल आकडा घ्या, नाहीतर उत्तर ऋण येईल आणि सगळं उत्तम चाललंय असं वाटेल.

एककांचाही घोळ होतो. विक्रेत्याच्या कोटेशनवर ६६ टीबी लिहिलेलं असतं, अ‍ॅरे ६० टीआयबी दाखवतो, विंडोज टीआयबी मोजून टीबी असं नाव देतो. १ टीआयबी म्हणजे सुमारे १.१ टीबी. एक्सेलमध्ये दोन्ही मिसळले की दहा टक्के जागा कागदावर उगवते किंवा गायब होते.

आलेखाचा आकार काय सांगतो

गेल्या ९० दिवसांचा पूलच्या वापराचा आलेख काढा. बहुतेक अ‍ॅरे तो स्वतःच देतात. आकारावरूनच निम्मं निदान होतं.

करवतीच्या दातांसारखा वर-खाली जाणारा आलेख स्नॅपशॉटचा असतो. रात्री बॅकअप, सकाळी सुटका, महिनाअखेर मोठा दात. दातांचा तळ एकाच पातळीवर असेल तर काळजी नाही. तळही हळूहळू वर सरकत असेल, तर कुठेतरी एखादा स्नॅपशॉट सुटत नाहीये. बहुतेकदा अर्धवट पडलेल्या बॅकअप जॉबचा, नाहीतर 'पॅचआधी' नावाने कुणीतरी हाताने घेतलेला आणि विसरलेला.

पायऱ्यांसारखा आलेख म्हणजे ठरावीक घटना. एका रात्रीत ३ टीआयबी वर, मग सपाट, मग परत पायरी. इथे पहिला संशय व्हीएमवेअरच्या स्टोरेज व्हीमोशनवर घ्या. एकाच पूलमधल्या एका डेटास्टोअरवरून (व्हीएमच्या फाइल्स ठेवण्याची जागा) दुसऱ्यावर व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, हलवला की नव्या ठिकाणी सगळे ब्लॉक लिहिले जातात, आणि जुन्या ठिकाणचे अनमॅप होईपर्यंत तसेच राहतात. ४ टीआयबीचा डेटाबेस व्हीएम हलवला की पूलला काही काळ ८ टीआयबी मोजावे लागतात. व्हीएमएफएस (डेटास्टोअरची फाइल सिस्टिम) ५ वरून ६ वर जाताना हे टाळताच येत नाही, कारण जागेवर अपग्रेड होत नाही. नवा डेटास्टोअर करून व्हीएम हलवावेच लागतात. दुसरा संशय डेटाबेसच्या इंडेक्स रीबिल्डवर, जो नव्या पानांवर लिहितो. तिसरा, व्हीएमच्या आत चालवलेल्या जुन्या पद्धतीच्या डीफ्रॅगवर. थिन डिस्कवर अशा डीफ्रॅगने फायदा काहीच होत नाही. आजवर न शिवलेले ब्लॉक मात्र भरतात.

सरळ चढण म्हणजे एकतर खरी वाढ किंवा साचत जाणारी डेड स्पेस. दोन्हींचा आलेख सारखाच दिसतो. म्हणून शेजारी होस्टच्या बेरजेचा आलेख काढा. दोन्ही बरोबरीने चढत असतील तर खरी वाढ आहे, खरेदीचा कागद पुढे सरकवा. पूल चढतोय आणि होस्ट सपाट आहे, तर अनमॅपची साखळी कुठेतरी तुटली आहे.

अनमॅपची साखळी वरून खाली तपासा

साखळी तीन-चार स्तरांची असते: गेस्ट ओएस (व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम), व्हर्च्युअल डिस्क, डेटास्टोअर, अ‍ॅरे. एक कडी निसटली तरी बाकीच्यांचा उपयोग शून्य.

विंडोज गेस्टमध्ये एफएसयुटिलच्या बिहेव्हियर क्वेरी कमांडने डिसेबलडिलीटनोटिफाय बघा. उत्तर ० हवं. १ असेल तर विंडोज अनमॅप पाठवतच नाही. नंतर पॉवरशेलमध्ये ऑप्टिमाइझ-व्हॉल्यूम ही कमांड त्या ड्राइव्हवर री-ट्रिम पर्यायासह चालवा. 'डीफ्रॅगमेंट आणि ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' या खिडकीत तो ड्राइव्ह 'थिन प्रोव्हिजन्ड ड्राइव्ह' असा दिसायला हवा. 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' दिसत असेल तर खालचा स्तर अनमॅपची सोय वर सांगतच नाहीये. दोष विंडोजमध्ये शोधत बसू नका.

लिनक्समध्ये एलएसबीएलके कमांड कॅपिटल डी पर्यायासह चालवा. डिस्क-मॅक्स रकान्यात शून्य असेल तर ट्रिम, म्हणजे अनमॅपचीच सूचना, जाणार नाही. शून्य नसेल तर एफएसट्रिम -ए -व्ही चालवा. रोजच्यासाठी माउंटमध्ये डिस्कार्ड पर्याय घालण्यापेक्षा एफएसट्रिमचा आठवडी टायमर सिस्टिमडीमधून चालू करणं बरं. प्रत्येक डिलीटला अनमॅप पाठवत राहिलं की व्यस्त डेटाबेसवर लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) वाढू शकते. एलव्हीएम (लिनक्सचा व्हॉल्यूम व्यवस्थापक) असेल तर एलव्हीएम डॉट कॉन्फमधलं इश्यू-डिस्कार्ड्स तपासा. ते ० असताना लॉजिकल व्हॉल्यूम काढून टाकला तरी अ‍ॅरेला खबर जात नाही.

व्हर्च्युअल डिस्क थिन असेल तरच गेस्टचा अनमॅप पुढे जातो. थिक व्हीएमडीकेमध्ये (सगळी जागा आधीच राखलेली व्हर्च्युअल डिस्क) तो तिथेच थांबतो. व्हर्च्युअल हार्डवेअरची आवृत्ती विंडोजसाठी किमान ११ आणि लिनक्ससाठी किमान १३ लागते. जुन्या होस्टवरून उचलून आणलेले व्हीएम वर्षानुवर्षं आवृत्ती ८ वरच राहतात, आणि गेस्टमध्ये सगळं बरोबर दिसूनही काही घडत नाही. व्हीएमवर स्नॅपशॉट असेल तर आधी तो काढा, मग प्रयत्न करा.

डेटास्टोअरच्या स्तरावर सगळ्यात जास्त गफलत होते. व्हीएमएफएस ५ मध्ये आपोआप अनमॅप नाही. ईएसएक्ससीएलआय स्टोरेज व्हीएमएफएस अनमॅप ही कमांड डेटास्टोअरचं नाव देऊन हाताने, कामाची गर्दी नसताना चालवावी लागते. मुळात ती एका फेरीत २०० ब्लॉक घेते. गेस्टचे अनमॅप पुढे जायला होस्टवर एनेबलब्लॉकडिलीट १ करावं लागतं. व्हीस्फिअर ६.५ बरोबर आलेल्या व्हीएमएफएस ६ मध्ये आपोआप अनमॅप आहे, पण मुद्दाम संथ: 'लो' प्राधान्य, साधारण २५ एमबी प्रतिसेकंद. मोठा व्हीएम पुसल्यावर पूल खाली यायला एखादा दिवस लागू शकतो. तासाभरात तिकीट उघडू नका. ६.७ पासून हा वेग १०० ते २००० एमबी प्रतिसेकंद असा ठरवता येतो. वाढवायचाच असेल तर आधी १०० वर ठेवून लेटन्सी बघा.

व्हीएमएफएस ६ मधले दोन सापळे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाहीत. डेटास्टोअरवर एकही चालू व्हीएम नसेल तर आपोआप अनमॅप चालत नाही. स्टोरेज व्हीमोशनने डेटास्टोअर रिकामा केला की नेमकी हीच स्थिती होते: पडद्यावर १०० टक्के मोकळा, पूलमध्ये अजून ४ टीआयबी अडकलेले. तिथे हाताने अनमॅप चालवा, किंवा गरज संपली असेल तर डेटास्टोअर अनमाउंट करून अ‍ॅरेवरून एलयूएनच काढून टाका. दुसरा सापळा असा की अ‍ॅरे अनमॅपसाठी १ एमबीपेक्षा मोठा तुकडा मागत असेल तर आपोआप अनमॅप होत नाही, तिथेही हाताचीच कमांड. शंका असेल तर ईएसएक्ससीएलआयमधून त्या डिव्हाइसचं व्हीएएआय (होस्टची कामं अ‍ॅरेवर सोपवण्याची सोय) स्टेटस काढा. 'डिलीट स्टेटस'समोर 'सपोर्टेड' हवं.

एनएफएस (नेटवर्कवरून फाइल स्वरूपात जोडलेल्या) डेटास्टोअरवर व्हीएमची फाइल पुसली की जागा लगेच व्हॉल्यूममध्ये परत येते, अनमॅप लागत नाही. व्हीएमच्या आत पुसलेल्या फाइल्सची कथा तिथेही वेगळीच राहते.

शेवटची कडी अ‍ॅरेची. नेटअ‍ॅप ऑनटॅपमध्ये एलयूएनवर स्पेस-अ‍ॅलोकेशन चालू असावं लागतं. जुन्या आवृत्त्यांत ते मुळात बंद असायचं आणि बदलायला एलयूएन ऑफलाइन घ्यावा लागतो, म्हणून लोक 'पुढच्या शटडाउनला बघू' म्हणतात आणि ते राहून जातं. पानाचा आकारही महत्त्वाचा. ऑनटॅपचा ब्लॉक ४ केबीचा, पॉवरमॅक्सचा ट्रॅक १२८ केबीचा, हिताचीच्या डायनॅमिक प्रोव्हिजनिंगचं पान ४२ एमबीचं. ४२ एमबीच्या पानात एक छोटीशी फाइल उरली तरी ते पान सुटत नाही. विखुरलेल्या लहान फाइल्स पुसून अशा अ‍ॅरेवर फारसं हाती लागत नाही. मोठ्या सलग फाइल्सच्या मागे लागा.

सगळं बरोबर असूनही पूल हलला नाही, तर स्नॅपशॉटकडे वळा. अनमॅप झालेला ब्लॉक एखाद्या स्नॅपशॉटने धरून ठेवला असेल तर तो स्नॅपशॉट संपेपर्यंत जागा मोकळी होत नाही. फक्त हिशेबात 'व्हॉल्यूम'मधून 'स्नॅपशॉट'मध्ये जाते. १४ दिवसांचं रिटेन्शन (स्नॅपशॉट ठेवण्याची मुदत) असेल तर आजच्या सफाईचं पूर्ण फळ पंधराव्या दिवशी. त्याआधी कुणाला आकडा कबूल करू नका.

इशाऱ्याची पातळी दिवसांत ठरवा

८५ टक्के हा आकडा कुणीतरी बॉक्समधून काढल्यावर तसाच ठेवलेला असतो. ४०० टीआयबीच्या पूलमध्ये ८५ टक्क्यांना ६० टीआयबी शिल्लक असतात, वरच्या ६० च्या पूलमध्ये फक्त ९. दोन्हींना एकच इशारा लावण्यात अर्थ नाही.

आपल्या उदाहरणात रोजची सरासरी वाढ १२० जीआयबी धरू. ९ टीआयबी म्हणजे ९२१६ जीआयबी, म्हणजे ७६ दिवस. ऐकायला निवांत वाटतं. पण गेल्या तीन महिन्यांतला सगळ्यात वाईट आठवडा रोज ४०० जीआयबीचा असेल तर त्याच ९ टीआयबीला २३ दिवस. सरासरी खरेदीसाठी वापरा, वाईट आठवडा इशाऱ्यासाठी.

मंजुरी, पीओ, डिलिव्हरी, डिस्क बसवणं या सगळ्याला तुमच्याकडे ६० दिवस लागत असतील तर १२० गुणिले ६०, म्हणजे सुमारे ७ टीआयबी. त्यात एका वेळी होऊ शकणारी सगळ्यात मोठी हलवाहलव, समजा ४ टीआयबीची, मिळवा. ११ टीआयबी शिल्लक असताना खरेदीची सूचना हवी, म्हणजे साधारण ८१ टक्क्यांवर. ८५ चा मेल येतो तोवर खरेदीची वेळ टळून गेलेली असते. हे चक्र चालू राहण्याचं अर्धं कारण इथेच आहे.

दुसरी पातळी सर्वांत लांब सुट्टीवरून काढा. आपल्याकडे दिवाळीत बरीच युनिटं लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) बंद असतात. त्या दहा दिवसांत कोणी पडद्याकडे बघत नाही, आणि नेमकी तीच संधी साधून डेटाबेसची देखभाल आणि व्हीएमची हलवाहलव लावली जाते. १० गुणिले ४०० म्हणजे सुमारे ४ टीआयबी. त्याहून कमी शिल्लक असताना सुट्टीवर जायचं नाही आणि नवा एलयूएन द्यायचा नाही.

कपातीच्या (डीडुप-कॉम्प्रेशनच्या) गुणोत्तरावर भरवसा ठेवताना जपून. २० टीआयबी भौतिक जागा आणि ३:१ कपात म्हणून पडदा 'इफेक्टिव्ह ६० टीआयबी' दाखवतो. कपात २.५:१ झाली की तेच ५० होतात, कुणी एक बाइटही न लिहिता. एनक्रिप्टेड बॅकअप, सीसीटीव्हीचं व्हिडिओ, टीडीई (डेटाबेसचं स्वतःचं एनक्रिप्शन) लावलेला डेटाबेस जवळपास १:१ नेच बसतात. असा १ टीआयबी आला की तुमच्या कागदावरचे ३ टीआयबी गेले. इशारा नेहमी भौतिक वापरावर लावा.

नोंद रोज एकाच वेळी घ्या. बॅकअप आटोपल्यावर सकाळी सहा ही बरी वेळ. भौतिक वापर, स्नॅपशॉटचा वापर, दाखवलेली एकूण क्षमता, होस्टची बेरीज, कपातीचं गुणोत्तर आणि सगळ्यात जास्त वाढलेले दहा एलयूएन, इतकं पुरे. एसएनएमपी ट्रॅपवर (अ‍ॅरेने आपणहून पाठवलेला इशारा) विसंबू नका. पातळी ओलांडताना ट्रॅप एकदाच येतो, तो हुकला की पुढे शांतता. स्वतः विचारणारी स्क्रिप्ट हवी. आणि तो इशारा पाठवणारा मेल सर्व्हर त्याच पूलवर असेल तर पूल भरताना मेलही अडकेल. मॉनिटरिंगचा व्हीएम वेगळ्या डिस्कवर ठेवा, एसएमएसची वाट वेगळी ठेवा.

डीआर तुटल्यावर होणारी वाढ

अ‍ॅसिंक्रोनस रेप्लिकेशन (डीआर, म्हणजे आपत्तीसाठीच्या दुसऱ्या जागी, प्रत पाठवत राहणं) स्नॅपशॉटवर चालत असेल तर दोन्हीकडे सामाईक असलेला शेवटचा स्नॅपशॉट मूळ अ‍ॅरे सोडत नाही. लिंक तुटली की त्यानंतर बदललेला प्रत्येक ब्लॉक दुप्पट जागा धरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वडोदरा शहरात शिरलं, तशा दिवसांत डीआरची जागा किंवा लिंक कित्येक दिवस बंद राहू शकते. त्या काळात पूलचा वेग रोज बघा, आणि किती टक्क्यांवर तो सामाईक स्नॅपशॉट सोडून द्यायचा ते आधीच लिहून ठेवा. सोडला तर नंतर पूर्ण कॉपी पुन्हा पाठवावी लागते; बारीक लिंकवर त्याला आठवडे लागतात, म्हणून हा निर्णय मध्यरात्री एकट्याने घ्यायचा नसतो.

पूल भरलाच तर

पूर्ण भरण्याआधी अ‍ॅरे होस्टला ३८/०७ हा सेन्स कोड देतो, म्हणजे थिन प्रोव्हिजनिंगची सॉफ्ट पातळी ओलांडली. ईएसएक्सआयच्या (व्हीएम चालवणाऱ्या होस्टच्या) लॉगमध्ये तो शोधा. भरल्यावर २७/०७ येतो, म्हणजे जागा देता आली नाही. मग ज्या व्हीएमना नवा ब्लॉक हवा ते थांबतात आणि व्हीसेंटरमध्ये (होस्ट आणि व्हीएम सांभाळायच्या पडद्यावर) 'रीट्राय की कॅन्सल' असा प्रश्न उभा राहतो. बाकीचे चालू राहतात, म्हणून सुरुवातीला हा बिघाड नेटवर्कचा वाटतो. थेट जोडलेल्या लिनक्सवर एक्सएफएस बंद पडते, ईएक्सटी४ रीड-ओन्ली होऊ शकते.

आधी लिहिणारे थांबवा: बॅकअप जॉब, चालू असलेलं स्टोरेज व्हीमोशन, रीइंडेक्स. गेस्टमध्ये जाऊन फाइल्स पुसू नका. पुसतानाही जर्नल (फाइल सिस्टिमची नोंदवही) लिहिलं जातं, त्यालाही ब्लॉक लागतात. जागा अ‍ॅरेवरूनच सोडा: आधी सर्वांत जुने स्नॅपशॉट, मग अनाथ एलयूएन. यासाठीच १ टीआयबीचा एक पूर्ण राखीव व्हॉल्यूम कुणालाही न जोडता ठेवून द्यावा आणि अशा वेळी तो काढून टाकावा. शून्यांनी भरलेली थिन फाइल ठेवून उपयोग नाही, शून्य ओळखणारे अ‍ॅरे तिला जागाच देत नाहीत. पुसल्यावर आकडा खाली यायला काही मिनिटं लागतात, कारण अ‍ॅरेची सफाई पार्श्वभूमीत चालते. दोन-तीन टक्के सुटल्याची खात्री झाली की थांबलेल्या व्हीएमना 'रीट्राय' द्या. 'कॅन्सल' दिलं तर व्हीएम बंद होतो आणि लिहिण्याच्या मधोमध असलेला डेटाबेस रिकव्हरीत जातो. डेटाबेसचे व्हीएम शेवटी सोडा, एकेक करून.

छोट्या ठिकाणी अ‍ॅरेऐवजी लिनक्सचा एलव्हीएम थिन पूल असेल तर एलव्हीएसमध्ये डेटा टक्केवारीच्या शेजारी मेटाडेटा टक्केवारीही बघा. मेटाडेटा भरणं जास्त वाईट. पूलची दुरुस्ती करावी लागू शकते, आणि त्याची कमाल मर्यादा साधारण १६ जीआयबी आहे. ऑटोएक्स्टेंडची पातळी मुळात १०० असते, म्हणजे बंदच. ती ८० करा, वाढ २० टक्के ठेवा, आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये तेवढी जागा खरोखर मोकळी आहे का ते बघा. पूल भरल्यावर कर्नल लिहिणं ६० सेकंद अडवून धरतो, त्यानंतर एरर देतो. त्या ६० सेकंदांत माणूस उठून काही करेल अशी अपेक्षा ठेवू नका, व्हॉल्यूम वाढवणारी स्क्रिप्ट आधीच लावून ठेवा.